कठड्याच्या अलीकडचं काम: हरवलेल्या ॲक्सलचं एक प्रकरण

हे प्रकरण कोणा एका मुलीचं नाही. फिगर स्केटिंगच्या रिंकवर पुन्हापुन्हा दिसणारी परिस्थिती एका कुटुंबात बसवून मांडली आहे. वय, मोजमापं आणि आठवडे त्या परिस्थितीला साजेसे घेतले आहेत.

तक्रार काय होती

मुलगी 11 वर्षं 4 महिन्यांची. सहाव्या वर्षापासून बर्फावर. साडेनवव्या वर्षी सिंगल ॲक्सल (दीड फेरीची उडी) बसला, दहा पूर्ण झाल्यावर डबल साल्काव आणि डबल टो लूप (दोन-दोन फेऱ्यांच्या उड्या). मग चार महिन्यांपूर्वी आधी साल्काव गेला आणि पाठोपाठ ॲक्सलही. उडी पॉप व्हायची, म्हणजे हवेत चढताच अंग उघडायचं आणि दीड फेरीऐवजी अर्ध्यावरच पाय खाली यायचा. कधी दोन्ही पायांवर, कधी सरळ बसकण.

वडिलांचं निदान तयार होतं: भीती बसली आहे. आईचं थोडं वेगळं: हल्ली अंग जड झालंय, मनही लागत नाही. दोघांनी मिळून काढलेला उपाय एकच, सराव वाढवा. बर्फावर सहा दिवस दीड-दीड तास, ऑफ-आइस (बर्फाबाहेरचा सराव) तीन तास, नृत्य दोन तास. आठवड्याचे 14 तास झाले. बालरोगतज्ज्ञ आणि क्रीडावैद्यक यांच्याकडे एक ढोबळ मर्यादा सर्रास सांगितली जाते: मुलाचं वय जितकी वर्षं, त्याहून जास्त तास आठवड्याला ठरावीक खेळात घालवू नयेत आणि आठवड्यात निदान एक दिवस पूर्ण सुट्टी हवी. या मुलीचा सातवा दिवसही घरी वडिलांबरोबर व्हिडिओ बघण्यात जायचा.

पन्नास मिनिटं कठड्याशी

कोच मॅडमनी एका सत्रात शिकवणं सहायकाकडे सोपवलं आणि फक्त मोजलं. मुलीने पन्नास मिनिटांत 34 उड्यांचे प्रयत्न केले. त्यातल्या 23 प्रयत्नांनंतर तिने आधी रिंकभोवतीच्या कठड्याकडे पाहिलं, मग कोचकडे. कठड्याशी वडील उभे होते, हातात फोन. प्रत्येक उडी स्लो मोशनमध्ये टिपत होते आणि हाताने खूण करत होते: दोन्ही मुठी छातीशी. म्हणजे, हात लवकर आत घे.

ही खूण चुकीची नव्हती. अवेळी होती. प्रमुख सहा उड्यांपैकी ॲक्सल ही एकमेव उडी पुढच्या दिशेने सुटते. डावीकडे फिरणारी स्केटर पुढे घसरताना डाव्या पायाच्या ब्लेडच्या बाहेरच्या कडेवर थांबते, उजवा गुडघा पायरी चढल्यासारखा वर नेते, आणि वर गेल्यावर वजन उजव्या बाजूला घेऊन आत मिटते. कोच गेले दोन महिने एकच सांगत होत्या: 'आधी वर, मग आत.' वडील सांगत होते: 'लवकर आत.' हवेत मिळणारा वेळ अर्ध्या सेकंदाहूनही कमी असतो, त्यात दोन सूचना मावत नाहीत. मुलगी कडेवर न थांबता वळायला लागायची, गुडघा अर्धाच वर जायचा, उंची मिळायची नाही आणि मग स्वतःला वाचवायला अंग उघडायची. पॉप म्हणजे बहुतेक वेळा हेच. बाहेरून भित्रेपणा दिसतो, आतून तो शहाणपणा असतो.

व्हिडिओने घात होतो तो इथेच. पडद्यावर चूक दिसते ती उतरताना, फेरी अपुरी पडलेली. घडलेली असते ती सुटताना, कडेवर. उतरतानाचं चित्र पाहून 'फेरी वाढव' म्हणणं स्वाभाविक आहे, पण फेरी अपुरी का पडली हे त्या चित्रात नसतं.

बुटाचा तळ

मुलीच्या उड्या चार महिन्यांपूर्वी गेल्या आणि नवे बूट पाच महिन्यांपूर्वी आले. हे दोन आकडे शेजारी ठेवायचं कोणाला सुचलं नव्हतं, कारण नवे बूट सरावाचे व्हायला थोडे आठवडे लागतात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते आठवडे सरल्यावर बूट हा विषय डोक्यातून गेला होता.

बुटातलं इनसोल बाहेर काढून जमिनीवर ठेवलं आणि मुलीला अनवाणी त्यावर उभं केलं. टाच मागच्या कडेला लावल्यावर अंगठ्यापुढे 13 मिलिमीटर उरले. वाढत्या अंगाचा फ्रॉक चालतो. वाढत्या पायाचा स्केटिंग बूट चालत नाही. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकायला हवीत आणि गुडघा वाकवल्यावर किंचित मागे सरायला हवीत. पुढे वाकल्यावर टाचेमागे बोट शिरत असेल तर बूट मोठा. या मुलीचं बोट सहज शिरत होतं.

टाच बुटात उचलली जाते, म्हणून मूल काय करतं? दोन मोजे घालतं आणि वरचे हूक करकचून आवळतं. मग घोट्याच्या पुढे, नाडीखाली, लाल वळ आणि दुखरी गाठ. तीही होती. त्यात हे बूट कडकपणात दोन पायऱ्या वरचे निघाले, तिहेरी उड्या मारणाऱ्यांसाठी बनवलेले. 34 किलोच्या मुलीच्या वजनाला ते वाकतच नव्हते. घोटा वाकला नाही की गुडघा वाकत नाही, आणि गुडघा न वाकता उतरलं की झटका थेट वर कमरेपर्यंत जातो. साल्काव मागे घसरताना डाव्या ब्लेडच्या आतल्या कडेवरून सुटतो. टाच आत सरकत असताना ती कड धरून ठेवणं मोठ्या स्केटरलाही जड जाईल. चांगल्या मनाने केलेली खरेदी होती: 'पुढच्या दोन वर्षांची सोय.' पालकांकडून होणाऱ्या चुकांत ही सगळ्यात सरसकट आढळते.

ब्लेड बरोबर मध्यावर बसलंय का, हेही पाहिलं. एका पायावर, सरळ रेषेत, काही न करता घसरायला लावायचं. दर वेळी एकाच बाजूला वळण गेलं तर ब्लेड हलवावं लागतं. इथे दोष निघाला नाही.

दोष निघाला धारेत. ब्लेडच्या तळाला मधोमध पन्हळ असते आणि दोन्ही बाजूंना दोन कडा. बूट उलटा धरून ब्लेडवर आडवी, सरळ पट्टी ठेवली की ती ब्लेडला काटकोनात बसायला हवी. डाव्या ब्लेडवर पट्टी स्पष्ट कलली: आतली कड उंच, बाहेरची बुटकी. ॲक्सल सुटतो तो नेमका डाव्या-बाहेरच्या कडेवरून. ती कड बर्फ धरत नव्हती. मुलीने हे दोनदा सांगितलंही होतं, 'बाबा, डावा पाय निसटतो.' त्यावर उत्तर मिळालं होतं, 'घट्ट उभी राहा.' धार लावून घेतली होती आइस हॉकीच्या स्केट्सना धार लावणाऱ्याकडे. त्याचा त्यात दोष कमी. हॉकीच्या ब्लेडला टो-पिक (पुढच्या टोकाचे दाते) नसते, वक्रताही वेगळी असते. फिगर स्केटिंगचं ब्लेड नीट न समजता घासलं तर टो-पिकचा सर्वात खालचा दात झिजतो आणि स्पिनची जागा सपाट होते. इथे दात शाबूत होता, हे नशीब.

गुडघा

सहा महिन्यांत उंची 141 वरून 145 सेंटिमीटर झाली होती. मुलींमध्ये उंचीचा सर्वात वेगवान टप्पा साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, काहींना आधी. हात-पाय लांबतात, फिरण्याचा आस बदलतो. काल जुळलेली वेळ आज चुकते. हे आळसाचं लक्षण नाही, मोजपट्टीचं काम आहे.

बूट घालून पाहताना मुलीने उजव्या गुडघ्याखालच्या उंचवट्यावर हात लागू दिला नाही. दुखणं दोन महिने होतं. सांगितलं का नाही, याचं तिचं उत्तर चार शब्दांचं: 'बाबा म्हणाले असते कारणं.' डॉक्टरांनी ऑसगुड-श्लाटर सांगितलं. मांडीच्या पुढच्या स्नायूची दोरी नडगीच्या वरच्या टोकाला जिथे चिकटते, तिथलं वाढतं हाड वारंवार ओढलं जाऊन दुखतं. वाढ थांबली की हे सहसा शमतं, पण उड्यांची संख्या तशीच ठेवून नाही. उजवा गुडघा हाच का? उतरणं सगळं उजव्या पायावर असतं आणि तो पाय अशा बुटात होता जो वाकतच नाही.

वजनाचं ते एक वाक्य

आईने दर रविवारी वजनकाटा काढायला सुरुवात केली होती. ओरडा नाही, टोमणा नाही, नुसता आकडा वहीत. शिवाय एकदा सहज, 'अंग जड झालं की उडी जड होते.' मुलीने त्या आठवड्यापासून सकाळी उपाशी यायला सुरुवात केली.

4 सेंटिमीटर वाढलेल्या मुलीचं वजन वाढणारच, वाढायलाच हवं. पुरेसं खाणं न पोचता खर्च वाढत राहिला तर हाडं, पाळी, वाढ, झोप, मनःस्थिती सगळ्यावर परिणाम होतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' (खेळाडूच्या शरीरातली ऊर्जेची तूट) असं नाव दिलं. युलिया लिपनित्स्काया 2014 च्या सोची ऑलिंपिकमध्ये 15 वर्षांची असताना सुवर्ण जिंकणाऱ्या रशियन संघात होती. 2017 मध्ये ती निवृत्त झाली आणि ॲनोरेक्सियावर उपचार घ्यावे लागल्याचं तिने स्वतः सांगितलं. वजनकाटा त्याच दिवशी घरातून हलवण्यात आला. सकाळच्या सत्राआधी काहीतरी पोटात आणि सत्र संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोटभर खाणं, एवढंच ठरलं. उष्मांक मोजणं नाही. आईला लक्ष ठेवायला दिलेल्या खुणा: सतत थकवा, वारंवार आजारपण, एकाच हाडावर बोट ठेवता येईल असं दुखणं. पुढच्या वर्षांसाठी आणखी एक: पंधरापर्यंत पाळी सुरू न होणं किंवा सुरू होऊन तीन महिने थांबणं. यातलं काहीही दिसलं तर कोचकडे नव्हे, डॉक्टरकडे.

बैठक

कोच, आई, वडील. आधी चाळीस मिनिटं मुलीशिवाय, मग पंधरा मिनिटं मुलीसह. हा क्रम महत्त्वाचा आहे. मोठ्यांचे मतभेद मुलीसमोर उघड झाले तर ती दोघांपैकी कोणाची तरी बाजू घ्यायला लागते.

वडिलांना 'तुम्ही रिंकवर येऊच नका' म्हणणं सोपं होतं. बऱ्याच ठिकाणी तेच म्हटलं जातं आणि बऱ्याच ठिकाणी ते तीन आठवडे टिकतं. जो माणूस पहाटे उठून मुलीला आणतो आणि तास-तास थंडीत उभा राहतो, त्याच्या हाताला काम नसेल तर तो कोच होणारच. म्हणून त्याला काम द्यायचं, खरं आणि दुसरं कोणी करत नसलेलं. या वडिलांना आकडे आवडत होते. त्यांना वही मिळाली.

वहीत रकाने असे: दोन्ही पायांची लांबी मिलिमीटरमध्ये, उभं राहून, संध्याकाळी, दर सहा आठवड्यांनी. उंची महिन्यातून एकदा. झोपेचे तास. गुडघ्याचं दुखणं 0 ते 10, सकाळी आणि सत्रानंतर, मुलीने सांगितलेला आकडा जसाच्या तसा, त्यावर भाष्य नाही. धार लावल्यापासून बर्फावरचे तास. 25 ते 30 तासांनी पुन्हा धार, त्याच माणसाकडे, पन्हळीची त्रिज्या तीच, आणि घरी आल्यावर पट्टी ठेवून तपासणी. सत्रानंतर ब्लेड कोरडं पुसणं, कापडी कव्हर घालणं. प्लॅस्टिकचे गार्ड फक्त चालण्यापुरते, कारण त्यांत ब्लेड ठेवलं तर ओल कोंडते आणि गंज चढतो.

व्हिडिओ आठवड्यातून एकदा, कोचने सांगितलेल्या सहा उड्यांचा, उडीच्या मार्गाला काटकोनात उभं राहून. समोरून घेतला तर कड आणि गुडघा दिसत नाही. व्हिडिओ कोचला पाठवायचा, मुलीला कोच दाखवणार. बाकीच्या दिवशी बसायची जागा वरच्या रांगेत, फोन पिशवीत.

गाडीतल्या परतीच्या वाटेचं ठरलं ते आईच्या सूचनेवरून. पहिली वीस मिनिटं स्केटिंगचा विषय मुलगी काढेल तरच. 'आज किती उतरल्या?' हा प्रश्न बंद. त्याहून अवघड गेलं ते दुसरं वाक्य बंद करणं, 'आम्ही तुझ्यासाठी एवढं करतो.' पालकांना ते प्रेमाचं वाटतं. मुलीला ते कर्जाचं वाटत होतं, आणि कर्जदार माणूस गुडघा दुखतोय असं सांगत नाही.

मग मुलीला आत बोलावलं. तिने एकच मागितलं: सत्रात बाबांनी हात हलवायचे नाहीत. लहान भावाला रोज रिंकवर बसवू नका, हेही तिनेच सुचवलं. तो गृहपाठ कुडकुडत करायचा.

पालक स्वतःच कोच असतील तिथे गणित निराळं असतं. इलिया मालिनिनचे आईवडील तात्याना मालिनिना आणि रोमान स्कोर्न्याकोव्ह दोघंही उझबेकिस्तानकडून ऑलिंपिक खेळलेले, दोघंही त्याचे कोच, आणि स्पर्धेत पहिला क्वाड ॲक्सल (साडेचार फेऱ्यांचा) त्यांच्याच मुलाने सप्टेंबर 2022 मध्ये उतरवला. पण तिथे कठड्यापाशी दोन विरुद्ध सूचना नाहीत. या प्रकरणात दुखणं ते होतं.

आठवडे

पहिले दोन आठवडे उड्या बंद. स्केटिंग स्किल्स, स्पिन आणि ऑफ-आइसमध्ये मांडी, पोटरी, नितंब यांची ताकद. एकूण तास 14 वरून 11, पूर्ण सुट्टी एक दिवस, आणि त्या दिवशी व्हिडिओही नाही.

याच काळात बूट बदलले. पाय 227 मिलिमीटर मोजला, एकच पातळ मोजा, कडकपणा सध्याच्या उड्यांपुरता आणि डबलच्या पुढच्या टप्प्यापर्यंत पुरेल इतकाच. ब्लेड आधी तात्पुरतं, लांबट भोकांतल्या मोजक्या स्क्रूंवर. आठवडाभर एका पायावर घसरून दिशा पाहिली, डावं ब्लेड केसभर आत सरकवलं, मग उरलेले स्क्रू. टाचेचं आणि तळाचं चामडं ओल धरू नये म्हणून लेप. पहिले काही दिवस वीस-तीस मिनिटंच, वरचा एक हूक मोकळा सोडून, म्हणजे घोट्याशी घडी योग्य जागी पडते. घडी पडेपर्यंत उडी नाही. वडिलांनी चौथ्या दिवशी विचारलं, 'आता एखादा सिंगल?' मॅडमनी नाही म्हटलं.

तिसऱ्या आठवड्यापासून सिंगल उड्या, दिवसाला जास्तीत जास्त 30 लँडिंग, जमिनीवरच्या उड्याही त्यातच धरून. ही शेवटची अट हमखास विसरली जाते. नृत्याच्या वर्गात मारलेली उडी गुडघ्याला वेगळी वाटत नाही. दुखणं 3 पर्यंत आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत, तर चालू. वर गेलं तर दुसऱ्या दिवशी उड्या निम्म्या. वहीत पाचव्या आठवड्यात एक 5 दिसतो. त्या दिवशी शाळेत क्रीडास्पर्धेची लांब उडी होती. वही नसती तर हे कोणालाच कळलं नसतं.

सातव्या आठवड्यात ॲक्सल परत आला. आधी हार्नेसवर (दोरीने आधार देणाऱ्या पट्ट्यावर), मग मोकळा. कोचने नवीन काही शिकवलं नव्हतं. तेच 'आधी वर', फक्त आता कड बर्फ धरत होती आणि ऐकायला एकच आवाज होता.

नवव्या आठवड्यात वडील घसरले. स्पर्धेची नोंदणी जवळ आली होती. ते वरच्या रांगेतून उतरून कठड्याशी आले, आणि मुठी छातीशी. मुलीने सलग तीन ॲक्सल पॉप केले आणि चौथ्याला कोचला म्हणाली, 'बाबा वर जाईपर्यंत स्पिन करू का?' ते वर गेले. त्यावर त्या दिवशी कोणी बोललं नाही, हे बरं झालं.

स्पर्धेचा हिशेब

नोंदणी पुढच्या स्पर्धेसाठी ढकलली. प्रश्न होता, प्रोग्राममध्ये (स्पर्धेतल्या सादरीकरणात) डबल साल्काव ठेवायचा का. तो बाराव्या आठवड्यात परतला, पण फेरी कमी. वडिलांचं म्हणणं, 'डबल नसेल तर कशाला उतरायचं?' यावर वाद घालण्यापेक्षा आयएसयूचा (आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेचा) गुणतक्ता समोर ठेवणं सोपं गेलं. डबल साल्कावचं मूळ मूल्य 1.30. पाव फेरीपेक्षा जास्त पण अर्ध्याहून कमी पडली तर त्याचे 80 टक्के, म्हणजे 1.04. अर्धी किंवा जास्त कमी पडली तर ती सिंगल धरली जाते: 0.40. शिवाय मुलगी पडली तर दर्जाचे गुण उणे 5, म्हणजे निम्मं मूल्य जातं, हातात 0.20, आणि पडल्याची वजावट वेगळी. सिंगल ॲक्सल स्वच्छ उतरला तर 1.10, चांगला असेल तर त्यावर दर्जाचे अधिक गुण. वडिलांनी ही बेरीज स्वतः वहीत केली आणि प्रोग्राममध्ये ॲक्सल राहिला.

घाईचा मुद्दाही तिथेच मिटला. जून 2022 मध्ये आयएसयूने सीनियर स्पर्धांचं किमान वय 15 वरून 17 करायचं ठरवलं. 2023–24 च्या मोसमात 16, 2024–25 पासून 17. अकरा वर्षांच्या मुलीपुढे निदान पाच-सहा वर्षं आहेत. तेराव्या वर्षी सगळे ट्रिपल हवेतच, ही धडपड ज्या वेळापत्रकातून येत होती ते वेळापत्रक उरलेलं नाही.

सोळाव्या आठवड्याची वही अशी: गुडघा सकाळी 0, सत्रानंतर 1. झोप नऊ तास. धार लावून 22 तास. डबल टो लूप पूर्ण, डबल साल्काव पाचांपैकी तीनदा पूर्ण. डबल लूपला अजून हात लावलेला नाही. उजवा पाय 229, डावा 228. नव्या बुटात बोटांपुढे उरलेली जागा आता दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे पुढचे बूट तीन-चार महिन्यांत लागणार. त्यापुढे वडिलांच्या अक्षरात: 'या वेळी मापाचेच.'